नॉर्मल हिस्टॉलॉजीचा जाड ग्रंथ : नऊ महिने वापरल्यानंतर

परवा मायक्रोस्कोपशेजारून उचलताना पुस्तक मधोमध उलगलं आणि हेड-नेकच्या प्रकरणाची सोळा पानं हातात आली. निरोगी ऊतक मायक्रोस्कोपखाली कसं दिसतं (नॉर्मल हिस्टॉलॉजी) ते दाखवणारा, जानेवारीत 13,800 रुपये मोजून घेतलेला ग्रंथ नऊ महिन्यांत खिळखिळा होतो, याचा मला मनापासून राग आलाय. विक्रेत्याला फोन केला तर "मॅडम, सात दिवसांच्या आत कळवायला हवं होतं" एवढंच उत्तर. आत शिलाई नाहीच, सगळा भार डिंकावर. रोज उघडायच्या पुस्तकाला असं बाइंडिंग करूच नये.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासून निदान करणारी डॉक्टर. घेताना ही चैन वाटली होती, हेही सांगते. पहिल्या वर्षाला हिस्टॉलॉजी झाली, एमडीला तीन वर्षं स्लाइडी बघितल्या, मग नॉर्मलसाठी आता कशाला एवढे पैसे? विद्यार्थीदशेतला ॲटलस कपाटात होताच. पण अशा बऱ्याच ॲटलसांत माकडाचं, उंदराचं, सशाचं ऊतक असतं, तेही काढल्या क्षणी फिक्स केलेलं, म्हणजे कुजू नये म्हणून रसायनात टाकलेलं. चित्रं देखणी असतात. माझ्या टेबलावर येतो तो सत्तरीतल्या माणसाचा, कॉटरीने (ऑपरेशनमधल्या विजेच्या उपकरणाने) भाजलेला, फॉर्मलिनमध्ये उशिरा पडलेला तुकडा. त्याची तुलना त्या देखण्या चित्राशी कशी करायची?

तरी पहिले दोन महिने ग्रंथ फारसा उघडला नाही. मार्चच्या सुरुवातीला तर एका ज्युनिअरला 9,000 रुपयांत देऊन टाकायचं ठरत आलं होतं.

मग ती केस आली. पेशंट चाळिशीतला ड्रायव्हर, वर्षानुवर्षं गुटखा, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर खालच्या जबड्याच्या तुकड्यासकट काढलेला. गाठ लहान, मार्जिन (कापलेल्या कडा) कॅन्सरपासून मोकळे, मानेचे सगळे लिम्फ नोड निगेटिव्ह. शेवटच्या एका सेक्शनमध्ये (पातळ कापात), गाठीपासून दूर, जबड्याच्या आतल्या बाजूच्या मऊ भागात स्क्वेमस (तोंडाच्या अस्तरासारख्या चपट्या) वाटणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके दिसले आणि त्यांच्याभोवती बारीक नर्व्हज. सर्जनचा फोन आलाच होता : "मॅडम, पीएनआय आहे का? तेवढं सांगा, रेडिएशनचं त्यावर ठरवू." पीएनआय म्हणजे पेरिन्यूरल इन्व्हेजन, कॅन्सर नर्व्हभोवती शिरणं. तसं मी जवळजवळ टाइप केलं होतं.

काहीतरी खटकत होतं. मूळ गाठ भरपूर केराटिन (केस-नखांत असतं ते प्रथिन) तयार करणारी, या पुंजक्यांत केराटिन अजिबात नाही. मायटोसिस (पेशींचं विभाजन) नाही, न्यूक्लियस (पेशीकेंद्र) शांत, भोवतालच्या ऊतकाची कसलीही प्रतिक्रिया नाही. मी ग्रंथ उघडला आणि चाळीस मिनिटं पानं उलटत बसले. शेवटी सापडलं : ज्युक्स्टाओरल ऑर्गन, म्हणजेच ऑर्गन ऑफ चीव्हिट्झ. डेन्मार्कच्या चीव्हिट्झ यांनी 1885 साली वर्णन केलेली, जबड्याच्या कोनाजवळ आतल्या बाजूला असणारी नॉर्मल रचना. नर्व्हज तिथे असायच्याच असतात. रिपोर्टमध्ये "पेरिन्यूरल इन्व्हेजन नाही" असं गेलं.

इथे आयएचसीनेही, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिनं (मार्कर) रंगवून ओळखण्याच्या चाचणीनेही, वाचवलं नसतं. आमच्या गावातून ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा) पुण्याला पाठवावा लागतो, एकेका मार्करचे पैसे पेशंटच्या खिशातून जातात, आणि सायटोकेरॅटिन हा मार्कर तर कॅन्सरमध्येही पॉझिटिव्ह आणि या रचनेतही पॉझिटिव्ह. 13,800 रुपये त्या दिवशी वसूल झाले, असं मी घरी सांगितलं.

पण ती चाळीस मिनिटं मी विसरलेले नाही, आणि माझी खरी तक्रार बाइंडिंगपेक्षा तिथेच आहे. ग्रंथाची सूची नावांची आहे. नाव ठाऊक असेल तर पान दहा सेकंदांत मिळतं. पण स्लाइडवर नाव लिहिलेलं नसतं. मला फक्त दिसतं : इतक्या आकाराच्या पेशी, अशा मांडणीत, अमुक जागी. ज्याला नावच माहीत नाही त्याच्यासाठी सूचीत दारच ठेवलेलं नाही, आणि असा ग्रंथ नेमका त्याच माणसाला लागतो. 'कशासारखं दिसतं' या क्रमाने चार पानांची वेगळी सूची दिली असती तर काय बिघडलं असतं? मी ही तक्रार भेटेल त्या पॅथॉलॉजिस्टकडे केली आहे.

शेवटी दोनशे पानी वही आणली आणि उलटी सूची स्वतः करायला घेतली. 'प्रोस्टेटच्या बायोप्सीत मोठाले, काळपट, वेडेवाकडे न्यूक्लियस, पण सायटोप्लाझममध्ये सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य : सेमिनल व्हेसिकल (प्रोस्टेटला लागून असलेली ग्रंथी), कॅन्सर नव्हे.' 'काखेतल्या लिम्फ नोडच्या कॅप्सूलमध्ये (आवरणात) नेव्हस (तिळातल्या) पेशी : मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) पसरला असं घाईने लिहू नये.' 'निपलच्या एपिडर्मिसमध्ये (त्वचेच्या वरच्या थरात) फिकट पेशी, सीके 7 (एक सायटोकेरॅटिन) पॉझिटिव्ह : निरुपद्रवी टोकर पेशी असू शकतात, लगेच पॅजेट (निपलचा कॅन्सर) म्हणू नये.' अशा 61 नोंदी झाल्यात.

ही वही लिहिता लिहिता पुस्तकाबद्दलचं मत पुन्हा बदललं. आधी वाटायचं, याचा उपयोग अशा दुर्मीळ चकव्यांपुरताच. आता दिसतं की रोजच्या कामाला ते जास्त लागतं. पनेथ पेशी (आतड्याच्या अस्तरातल्या एका प्रकारच्या पेशी) सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, आणि उजव्या कोलनमध्ये (मोठ्या आतड्यात) असणारच, पण डाव्या कोलनमध्ये दिसल्या तर ते जुन्या इजेचं लक्षण. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) सुरुवातीला ब्रुनर ग्रंथींवरची व्हिलाय (अस्तराची बोटांसारखी टोकं) मुळातच आखूड दिसतात, तेवढ्यावर सीलिॲक (ग्लूटेनमुळे होणारा आजार) म्हणायचं नाही. टर्मिनल इलियममध्ये (लहान आतड्याच्या शेवटी) लिम्फॉइड फॉलिकल (लिम्फ पेशींचे गोळे) असायचेच, तेवढ्यावर इलायटिस (तिथला दाह) लिहायचा नाही. वर्षानुवर्षं हे मी अंदाजाने करत होते, आता पान उघडून खात्री करते.

घेणाऱ्यांसाठी पैशांचं एक सांगते. नवीच आवृत्ती हवी असा हट्ट धरू नका. ट्यूमरची वर्गीकरणं दर काही वर्षांनी बदलतात, त्यांची पुस्तकं ताजी लागतात. नॉर्मल प्लीहा तशी बदलत नाही. एक आवृत्ती मागची, चित्रं रंगीत असलेली, निम्म्या किमतीत मिळाली तर खुशाल घ्या. मी तसं करायला हवं होतं. मात्र घेण्याआधी पुस्तक पूर्ण उघडून पाठीची शिलाई बघा.

काल ग्रंथ गल्लीतल्या बाइंडरकाकांकडे दिला. 450 रुपयांत दोन भाग करून, दोऱ्याने शिवून, कापडी पाठ लावून देतो म्हणाले. दोन्ही भागांच्या शेवटी वीस-वीस कोरी पानं घालायला सांगितली आहेत. वहीतली सूची तिथे उतरवून काढणार आहे.