इंग्रजी शब्द शोधून देणारे साधन : दहावीच्या वर्गासाठी केलेल्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला इंग्रजी शिकवताना गेले जवळपास वर्षभर मी शब्द शोधून देणारे एक साधन वापरत आहे. हाताशी असलेली अक्षरे टंकली की त्यांपासून तयार होणारे किंवा ती अक्षरे पोटात असलेले इंग्रजी शब्द ते क्षणात समोर ठेवते. ते बनवले आहे मुख्यतः स्क्रॅबल आणि वर्डल हे इंग्रजी शब्दखेळ खेळणाऱ्यांसाठी. मात्र बोर्डाच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एखादा लांबलचक शब्द देऊन त्यातील अक्षरांपासून प्रत्येकी किमान तीन अक्षरांचे चार शब्द करायला सांगतात, गाळलेली अक्षरे भरायला लावतात, शब्दसाखळी पूर्ण करून घेतात. त्यामुळे ते शिक्षकाच्याही उपयोगाचे ठरेल असे वाटले आणि बऱ्याच अंशी ते तसे ठरले.

शोधाचे प्रकार तीन आहेत आणि त्यांतील फरक आधी नीट समजून घ्यावा लागतो. दिलेली सर्व अक्षरे ज्यात आहेत, शिवाय इतरही असू शकतात, असे शब्द हा पहिला प्रकार. केवळ दिलेल्या अक्षरांतूनच होणारे शब्द हा दुसरा. आणि ठरावीक जागी ठरावीक अक्षर, उरलेल्या जागी प्रश्नचिन्ह, हा तिसरा. बोर्डाच्या शब्दनिर्मितीला दुसरा प्रकार लागतो, गाळलेल्या अक्षरांना तिसरा. दुसऱ्या प्रकारात साधनाची खरी परीक्षा होते ती अक्षर किती वेळा आले आहे याच्या हिशेबात. ‘इंटरनॅशनल’ या शब्दात एन तीनदा, टी, आय आणि ए दोनदा, पण ओ आणि ई एकेकदाच येतात. त्यामुळे त्यातून ‘नाइन’, ‘ट्रेन’, ‘टेलर’ म्हणजे शिंपी, असे शब्द होतात. ‘नून’ होत नाही, कारण त्याला दोन ओ लागतात, आणि ‘लेटर’ही होत नाही, कारण त्याला दोन ई लागतात. मी वापरतो ते साधन हा हिशेब चोख ठेवते. याआधी पाहिलेल्या एका फुकट साधनाने ‘नून’ बिनदिक्कत दिला होता, आणि त्या एकाच कारणावरून ते मी बाजूला सारले.

अनपेक्षित लाभ झाला तो स्पेलिंग शिकवताना. शेवटी ओ-यू-जी-एच असलेले शब्द मागितले की ‘दो’, ‘थ्रू’, ‘कॉफ’, ‘रफ’ आणि ‘बाउ’ एका खाली एक येऊन बसतात. चार अक्षरांचा तोच गट आणि उच्चार पाच, हे फळ्यावर एकत्र पाहिले की मुले पाठांतराला निदान वैतागून तरी लागतात. आय आधी आणि ई नंतर, पण सी च्या पुढे मात्र उलट, हा नियम आपल्याकडे अनेक पिढ्यांनी घोकला आहे. सी-ई-आय असलेले शब्द शोधल्यावर ‘रिसीव्ह’, ‘रिसीट’, ‘डिसीव्ह’, ‘सीलिंग’ अशी अपेक्षित मंडळी येतात; पण सी-आय-ई शोधले की ‘सायन्स’, ‘सोसायटी’, ‘एन्शंट’, ‘इफिशियंट’, ‘सफिशियंट’ आणि वाय जाऊन आय-ई-एस लागलेली ‘पॉलिसीज’सारखी अनेकवचने मिळून भली मोठी यादी पुढे येते. उच्चार दीर्घ ई असेल तेवढ्यापुरताच हा नियम धरला, तर तो बराच टिकतो; तरी ‘सीझ’, ‘प्रोटीन’ आणि ‘स्पीशीज’ त्याला जुमानत नाहीत. आता मी नियम सांगतो तो या मर्यादेसकट, आणि अपवाद मुलांकडूनच शोधून घेतो.

दोष आहेत, आणि ते बहुतेक शब्दयादीचे आहेत. स्पर्धात्मक स्क्रॅबलसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्स यादीच्या 2019 च्या आवृत्तीत 279,496 शब्द आहेत, त्यांत दोन अक्षरी शब्दच 127 आहेत. क्यूच्या एका सोंगटीला दहा गुण मिळत असल्याने क्यू-आय असा शब्द खेळाडूला मोलाचा वाटतो, दहावीच्या मुलाला त्याचा काहीही उपयोग नाही. माझ्या साधनामागेही अशाच धर्तीची यादी असल्यामुळे नेहमीचे शब्द कधीच न ऐकलेल्या शब्दांच्या गर्दीत हरवतात, आणि नेहमीच्या वापरातले शब्द आधी दाखवण्याची सोय नाही. अर्थ दिलेले नाहीत. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग शेजारी शेजारी येते. आपली पाठ्यपुस्तके ‘कलर’मध्ये यू ठेवतात, पण यादीला दोन्ही सारखीच. शिवाय यादीत शिव्याही आहेत, म्हणून वर्गातील पडद्यावर थेट शोध घेण्याचे धाडस कोणी करू नये.

साताऱ्यातील एका शिक्षिका मैत्रिणीने मराठीसाठी असे काही आहे का, असे विचारले. हे साधन त्या कामाला चालत नाही, आणि कारण लिपीत आहे : ‘सांगली’ आपण तीन अक्षरांची मानतो, पण संगणकाच्या लेखी त्यात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे असतात. ती सुटी करून फिरवली, तर शब्दाच्या सुरुवातीलाच काना येईल.

संगणकाची थोडी ओळख असलेल्यांना साध्या मजकुराच्या फायलीतील शब्दयादी आणि लिनक्स या संगणकप्रणालीवरील ग्रेप ही मजकूर शोधणारी आज्ञा पुरेल. त्यात कोणत्याही एका अक्षरासाठी टिंब द्यायचे, आणि जाहिराती नाहीत, इंटरनेटही लागत नाही. शिवाय यादी आपलीच असल्यामुळे नको ते शब्द कायमचे काढून टाकता येतात. मी अलीकडे पाठ्यपुस्तकांतील शब्दांची अशी छोटी यादी करू लागलो आहे. मात्र दिलेल्या अक्षरांतूनच होणारे शब्द, वारंवारितेचा हिशेब सांभाळून, ग्रेपकडून काढून घेणे किचकट आहे, आणि त्यासाठी अजूनही हेच साधन उघडावे लागते.

पैसे भरले की जाहिराती जातात, यादी मात्र तीच राहते, म्हणून मी भरलेले नाहीत. सराव कृतिपत्रिका काढण्यापुरती फुकट आवृत्ती पुरते. फक्त निवडलेले शब्द शब्दकोशाशी ताडून पाहायला अर्धा तास वेगळा ठेवावा.