गोल्फ क्लॅशचा शूटआउट: निकाल झटपट, न्याय निम्मा

खान्देशात हिरवळीवर गोल्फ खेळणारे शोधावे लागतील. मोबाईलवर खेळणारे जळगाव-भुसावळपासून शिरपूरपर्यंत सापडतात. त्यांच्यासाठी ‘गोल्फ क्लॅश’ या मोबाईल गेमच्या एकाच भागाचं हे परीक्षण: बरोबरी झाली की पुढे काय?

समोरासमोरचा सामना एका होलचा: झेंड्याच्या खड्ड्यात चेंडू कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. दोघांचे फटके सारखे झाले की शूटआउट लागतो. प्रत्येकी एक फटका, ज्याचा चेंडू झेंड्याजवळ तो जिंकला. ताटकळणं नाही. फावल्या वेळच्या खेळाला हे उत्तम, 5 पैकी 4.

खोट आहे ती सामानात. एकाकडे वरच्या लेव्हलचा क्लब (चेंडू मारायची काठी) आणि वाऱ्याला दाद न देणारा चेंडू, दुसऱ्याकडे साधा. मग निकाल हातापेक्षा बॅगेवर ठरतो. शिवाय मागून मारणाऱ्याला आधीचा चेंडू कुठे टप्पा घेऊन किती घरंगळला ते दिसतं. वाऱ्यासाठी निशाणा त्याच्याभोवतीच्या रिंगणांच्या मापाने किती सरकवायचा, याचा अंदाज त्याला फुकट मिळतो. मित्रांत खेळताना निदान दोघांनी साधाच चेंडू घ्यावा. पहिला मारणारा मात्र तोट्यातच राहतो, त्याला इलाज नाही.

स्पर्धेसाठी 5 पैकी 2 च. मोठ्या व्यावसायिक स्पर्धाही एका फटक्यावर विजेता ठरवत नाहीत: यूएस ओपनमध्ये 2018 पासून 2 होलची बेरीज धरतात, ब्रिटिश ओपनमध्ये 2019 पासून 3 होलची.

भरीत पार्टीच्या पैजेवर ग्रुपने 18 होलचा दुसरा एखादा गेम घेतला, तर बरोबरी झाल्यावर कार्ड (होलवार फटक्यांची नोंद) ताडून बघावं. आधी शेवटचे 9 होल, मग 6, मग 3, मग अठरावा. समजा, दोघांचे एकूण फटके 74. शेवटच्या नऊत दोघांचे 37, पण शेवटच्या सहात एकाचे 24, दुसऱ्याचे 25. 24 वाला जिंकला. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) धरला असेल तर नऊला त्याचा निम्मा, सहाला तिसरा हिस्सा, तिनाला सहावा हिस्सा वजा करायचा. हँडिकॅप 12 असेल तर 6, 4, 2. पुष्कळ जण शेवटच्या नऊतूनच अख्खे 12 वजा करतात आणि तिथेच भांडण पेटतं. कुणी मधल्या होलपासून सुरुवात केली असली, तरी शेवटचे नऊ म्हणजे 10 ते 18 नंबरचेच होल.

‘ज्याचा स्कोअर आधी आला तो पुढे’ हा नियम सगळ्यात वाईट. रावेरकडे रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी द्यायला गेलेल्याचा स्क्रीनशॉट पहाटेच येणार. त्यात त्याच्या खेळाचा काय दोष? वारा आणि झेंड्याची जागा मात्र सगळ्यांना एकच ठेवायला हवी, नाहीतर कार्ड ताडण्यालाही अर्थ नाही.

अठराव्यावरही बरोबरी राहिली तर चिठ्ठी टाका. पण तसं करणार हे पहिला फटका मारायच्या आधीच ग्रुपवर लिहून ठेवा.