नॉर्डिक वॉकिंगच्या काठ्या: मायोर्काच्या किनाऱ्यावर काही महिने वापरल्यावरचा अनुभव

नॉर्डिक वॉकिंग म्हणजे दोन्ही हातांत काठ्या घेऊन, त्यांनी जमीन मागे ढकलत चालणं. आधी निकाल सांगते, मग गंमत. काठ्या मस्त आहेत, नक्की घ्या, पण घेताना रंग, काठीतल्या कार्बन फायबरचे टक्के वगैरे नंतर बघा, आधी हाताचा पट्टा बघा. सगळा खेळ त्या पट्ट्यात आहे. आणि हे पटवून घ्यायचं असेल तर ऑक्टोबरनंतर मायोर्का या स्पेनच्या बेटावर, प्लाया दे पाल्माच्या किनाऱ्यावर या आणि सकाळी नुसतं बाकावर बसून लोक बघा.

मी कामासाठी इथेच जवळ राहते. कान पास्तीयापासून सारेनालपर्यंत समुद्राकाठाने सपाट, रुंद फरसबंदी रस्ता आहे, उन्हाळ्यात तिथे पार्टीवाल्यांची तुफान गर्दी असते, चालायला पाय ठेवायला जागा नाही. पण उन्हाळा जरा उतरला की पब्लिक बदलतं. जर्मनीहून आलेले आजी-आजोबा, स्पेनमधले पेन्शनर (त्यांच्यासाठी इम्सेर्सो म्हणून सरकारी सवलतीच्या सहली असतात, हिवाळ्यात काही हॉटेलं त्यावरच चालू राहतात), आणि निम्म्यांच्या हातात काठ्या! नाश्ता झाला की हॉटेलांमधून घोळके बाहेर पडतात आणि फरशीवर टकटक टकटक असा आवाज सुरू होतो, लेझीम पथक लांबून येतंय असंच वाटतं.

आता प्रकार बघा. काही जण काठ्या मधोमध धरून आडव्या घेऊन चालतात, गप्पा रंगल्या की हातवारे होतात आणि शेजारून सायकलवाले जात असतात ते बिचारे मान खाली घालून निघतात. काही जोडप्यांमध्ये एकच सेट असतो, एक काठी ह्यांची, एक तिची, आणि दोघंही अगदी खूश. काही जणांचा उजवा हात आणि उजवा पाय एकत्र पुढे येतो, मग ते थांबतात, पायाकडे बघतात, पुन्हा सुरू करतात, आणि जितका विचार करतात तितकं जास्त बिघडतं. एका आजोबांनी तर स्विमिंग पूलजवळच्या खुर्चीवर टॉवेल टाकून त्यावर दोन काठ्या फुलीसारख्या ठेवल्या होत्या, जागा पक्की! कोणी हात लावला नाही. आणि कॅफेत सगळ्यांच्या काठ्या टेबलाला टेकवलेल्या असतात, एक घसरली की बाजूची घसरते, मग सगळ्याच, खडाखड. इथले वेटर ट्रे डोक्यावर धरून त्यावरून पाय टाकून जातात, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नाही, मला ते फार आवडतं.

पण एक सांगते, जे लोक काठ्या नुसत्या मागे फरफटत नेतात ना, ज्यांना बघून बाकीचे हसतात, ते खरं तर सगळ्यात बरोबर आहेत. शिकवणारे पहिला धडा हाच देतात. पट्ट्यात हात अडकवा, मूठ सोडून द्या, काठ्या मागे ओढल्या जाऊ देत, आणि नेहमीसारखं चाला. हात-पाय आपोआप उलटसुलट येतात, डावा पाय तर उजवा हात. मग हळूहळू काठीचं टोक जमिनीत रुतल्यासारखं वाटायला लागतं, तेव्हा मागे ढकलायचं. काठी कायम तिरकी, टोक मागच्या बाजूला, पुढच्या पावलाच्या पुढे कधीच टेकवायचं नाही. हात कमरेच्या मागे गेला की मूठ उघडायची आणि जोर पट्ट्यावर द्यायचा. हाच तो क्षण. साध्या ट्रेकिंगच्या काठीला नुसता फासा असतो, मूठ उघडली की काठी लोंबकळते, म्हणून माणूस घट्ट धरून ठेवतो आणि तासाभरात मनगट दुखतं. नॉर्डिकच्या काठीला अर्ध्या हातमोज्यासारखा पट्टा असतो, तो हाताला चिकटून राहतो. माझ्या काठ्यांचा पट्टा एक बटण दाबलं की मुठीपासून सुटतो, पाणी प्यायला, फोटो काढायला काठी काढायची, पट्टा हातातच. ही सोय आता मी कुठल्याही किमतीला सोडणार नाही.

उंचीचं गणित सोपं आहे, आपली उंची गुणिले ०.६८. म्हणजे १६० सेंटिमीटरला साधारण १०९, काठ्या बहुतेक पाच-पाचच्या टप्प्याने मिळतात, तर नवीन माणसाने खालचा आकडा घ्यावा, १०५. टूरिस्ट एरियातल्या एका दुकानात मला ‘सगळ्यांना एकच साइझ चालते’ असं सांगत होते, अजिबात चालत नाही. लांब काठी असली की खांदे कानापर्यंत चढतात, किनाऱ्यावर असे खांदे रोज दिसतात आणि मला जाऊन सांगावंसं वाटतं, एकदा सांगितलंसुद्धा, त्या आजी इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपच्या काठ्या माझ्याकडून मापून घेतल्या.

मुळात हे सगळं फिनलंडचं. बर्फ नसताना स्कीवाले उन्हाळ्यात काठ्या घेऊन सराव करायचे, त्यातून १९९७ मध्ये एक्सेल कंपनीने खास चालण्यासाठीच्या काठ्या बाजारात आणल्या आणि मग जर्मन लोकांनी तर ते डोक्यावरच घेतलं. बर्फासाठी निघालेली गोष्ट खजुरीच्या झाडांखाली चालू आहे, आणि छान चालू आहे.

फायदा किती? २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात त्याच वेगाने चालताना ऑक्सिजनचा वापर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला. मला स्वतःला दंडाच्या मागच्या बाजूला आणि पाठीत फरक कळतो, आणि पोक काढून चालायची सवय गेली. गुडघ्यांचं मात्र जपून बोलते. सपाट रस्त्यावर गुडघ्याचा भार खूप कमी होतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण मोजमाप करणाऱ्यांना ते नीट सापडलेलं नाही. उतारावर काठीचा आधार खरंच मिळतो. तरी इथल्या त्रामुंताना डोंगररांगेत दगडी पायवाटांवर जाणार असाल तर ट्रेकिंगच्या, लांबी बदलता येणाऱ्या काठ्याच न्या, तिथे काठी पुढे टेकवावी लागते आणि हा पट्टा उलट अडचण करतो.

आता झीज. फरशीवर टोकाला रबरी बूट घालावेच लागतात, नाहीतर धातूचं टोक घसरतं आणि पहाटे अख्खं हॉटेल जागं होतं. ह्या बुटाचा निमुळता भाग मागे हवा. निम्म्या लोकांचा पुढे असतो, मग काठी दर पावलाला ठेचकाळते. चालता चालता तो आपोआप फिरतोही, म्हणून मी मधेमधे खाली बघते. माझा पहिला जोड काही महिन्यांत एका बाजूने पार झिजला, आतलं टोक डोकवायला लागलं. ओल्या वाळूत मात्र बूट काढा, उघडं टोक मस्त रुततं, फक्त हिवाळ्यात पोसिडोनिया या समुद्री गवताचे तपकिरी ढीग वाहून येतात त्यातून जाऊ नका, पात्या टोकाला गुंडाळतात. (ते ढीग किनाऱ्याची वाळू धरून ठेवतात, घाण म्हणून नाक मुरडू नका.) आणि घडीची काठी असेल तर वाळू-मिठाने सांधा अडकतो, घरी आलं की साध्या पाण्याने धुवायची, तुकडे वेगळे करून वाळवायची, तेल अजिबात नाही. अखंड काठी हलकी आणि कमी थरथरते, पण सुटकेसमध्ये मावत नाही. तुम्ही विमानाने येणार असाल तर तीन तुकड्यांचीच घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी अडवतात. रबरी बुटांचे दोन जादा जोड सोबत ठेवा, एक तुम्हाला लागेल आणि दुसरा वाटेत कोणाला तरी द्यावा लागेलच.