केंद्राचा प्रकल्प की कंपनीचा अभ्यास: कुत्र्यांच्या त्वचारोगांवर पहिला अर्ज करताना

पशुवैद्यकीय महाविद्यालयात नव्याने लागलेल्या आणि त्वचारोगांत रस असलेल्या सहायक प्राध्यापकांचा प्रश्न बहुधा एकच असतो. पहिला अर्ज एएनआरएफ किंवा डीबीटी या संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या संस्थांकडे करावा, की एखाद्या औषध कंपनीला गाठावं? मी दोन्ही प्रकारचे पैसे वापरले आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो. पोर्टल, फॉर्म, बायोडेटा हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आकाराच्या बाबतीत तुलनाच नाही. केंद्राचा प्रकल्प साधारण ३ वर्षांचा असतो. त्यात उपकरण बसतं, संस्थेला ओव्हरहेड, म्हणजे वरखर्चाचा वाटा, मिळतो आणि तुम्हाला जेआरएफ, म्हणजे पगारी संशोधक विद्यार्थी, मिळतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, त्यामुळे चांगली मुलं अर्ज करतात. कंपनी तुम्हाला सेंट्रिफ्यूजसुद्धा घेऊन देणार नाही. शिवाय केंद्राकडे जाताना प्रश्न तुमचा असतो. पदोन्नतीच्या वेळी 'पीआय' (प्रमुख संशोधक) म्हणून लागणाऱ्या नावाचं वजन वेगळं, हेही खरं.

फक्त तो प्रश्न कुत्र्याचा असेल तर प्रस्ताव निवडणाऱ्या समितीपुढे थोडं अवघड जातं. लम्पी हा गायीगुरांचा त्वचारोग २०१९ मध्ये ओडिशात दिसला, २०२० मध्ये गडचिरोलीत आला आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरला. तेव्हापासून जनावरांची त्वचा म्हटलं की लम्पीच डोळ्यांसमोर येतो, आणि ते रास्तच आहे, कारण त्यात शेतकऱ्याची गाय जाते. कुत्र्याला आत न्यायचं तर माणसाच्या दारातून न्यावं लागतं. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे घरातल्या मुलांना गजकर्ण होतं, हे लिहा. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू कुत्र्याकडून मालकाकडे जाऊ शकतो, हेही लिहा. नुसत्या ॲटोपीचा, म्हणजे ॲलर्जीच्या खाजेचा, प्रस्ताव, कितीही चांगला असला तरी, माझ्या अनुभवात 'याचा उपयोग कोणाला?' या प्रश्नापाशी अडकतो. दुसऱ्या कोणाला वेगळा अनुभव आला असेल, नाही म्हणत नाही.

हे सगळं निभावून नेता येतं. माझा कौल ज्याने फिरवला ती अडचण म्हणजे ३१ मार्च.

आपल्याकडे त्वचेची ओपीडी पावसाळ्यात भरते. जूनपासून गोचीड आणि पिसवा वाढतात, अंग ओलं राहून पायोडर्मा (त्वचेचा जिवाणूसंसर्ग) होतो, मॅलेसेझिया या यीस्टमुळे बिघडलेले कान येऊ लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत डोक्यावरचे केस मागे सारायला वेळ नसतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात त्याच ओपीडीत तसा कुत्रा मिळेल तर शपथ. आणि पैसा नेमका तेव्हाच हातात असतो. पूर्वी अनुदान संस्थेच्या खात्यात पडून राहायचं, शिल्लक पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागता यायची. आता शून्य शिल्लक खात्यांची पद्धत आली आहे. तिथे रक्कम नसते, खर्चाची मर्यादा असते आणि वर्षअखेरीला न वापरलेली मर्यादा लॅप्स होते. एका केंद्रीय योजनेत मला मंजुरी पावसाळा सरता सरता मिळाली. जेआरएफची जाहिरात, मुलाखत, रुजू होणं यात हिवाळा गेला, आणि मार्चमध्ये मी घाईघाईने डीटीएम (बुरशी वाढवण्याचं माध्यम) आणि अँटिबायोटिक डिस्क मागवत बसलो होतो. पाऊस आला तोवर त्यातल्या बऱ्याच मालाची मुदत संपत आली होती, आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता यूसीपाशी, म्हणजे खर्चाच्या प्रमाणपत्रापाशी, थांबलेला. संशोधन लेखापालाच्या कॅलेंडरने चाललं, कुत्र्यांच्या नाही. यात कोणाची बदमाशी नाही. ज्याचे रुग्ण बाराही महिने सारखे येतात त्याला हे जाणवणारही नाही. पण आपला विषय ऋतूवर चालतो, आणि खाज फ्रीजमध्ये ठेवता येत नाही.

कंपनीच्या प्रायोजित अभ्यासात पैसे सहसा टप्प्यांवर किंवा रुग्णामागे मिळतात. करार झाला, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मालकांची संमती हातात आली, की जुलैमध्ये रुग्ण घ्यायला लागा. अभ्यास बहुतेक २८ दिवसांचा असतो, दिवस ०, ७, १४ आणि २८ ला स्क्रेपिंग (त्वचा खरवडून तपासणी), सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) आणि खाजेचा गुण. दिवाळीपर्यंत आकडे हातात. माझ्या एका क्लोरहेक्सिडीन शाम्पूच्या कामाचं असंच झालं, आणि त्या वर्षी पीजीच्या मुलीचा प्रबंधही वेळेत लागला. वरवरच्या पायोडर्मात आधी बाहेरून उपचार, गोळ्या नंतर, असं आता मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, त्यामुळे विषय किरकोळ ठरला नाही.

तोटे आहेत आणि ते लपवत नाही. प्रश्न त्यांचा, उत्पादन त्यांचं, २८ दिवसांनंतर कुत्र्याचं काय झालं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. निकाल छापण्यावर बंधन घालणारं कलम करारात असतं. तिथे 'परवानगी' हा शब्द असेल तर तो बदलून 'मसुदा आधी दाखवू, ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर पाठवू' असं लिहून घ्या. कायदा विभाग कुरकुर करतो, पण बहुधा मानतो. न मानल्यास सही करू नका, एवढं मात्र ठामपणे सांगेन.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्चायच्या पैशाचा, रस्ताही बघण्यासारखा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांना संशोधनासाठी दिलेली रक्कम २०१९ पासून सीएसआरमध्ये धरली जाते. ती कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनासाठी वापरता येत नाही, म्हणजे प्रश्न पुन्हा तुमच्याकडे येतो. काम 'चालू प्रकल्प' म्हणून ठरवलं तर कंपनीला न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या ३ आर्थिक वर्षांत वापरता येते. एक पावसाळा हुकला तरी दुसरा हाताशी राहतो. भटक्या कुत्र्यांची खरूज, शाळेजवळच्या मांजरांचं गजकर्ण असे विषय तिथे चालू शकतील असं वाटतं.

प्रतिजैविक प्रतिरोधाचं जनुकीय काम करायचं असेल तर मात्र केंद्राकडेच जा, तेवढा पैसा दुसरीकडे नाही. अर्ज टाकण्याच्या आधीच्या पावसाळ्यात जिवाणू वेगळे करून ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा. मग मंजुरी कधीही येवो, मार्चमध्ये सीक्वेन्सिंगचं बिल लावता येतं. उपचारांच्या अभ्यासाला ही युक्ती लागू नाही. त्यासाठी मी तरी जानेवारीत कंपन्यांना पत्रं लिहायला बसेन.