काजव्यांच्या नावाखाली कळसूबाईवर झालेली फसवणूक

मे अखेरीपासून पावसाची झड लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या आसपास हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात आणि याच दिवसांत ‘काजवे आणि कळसूबाई, एका रात्रीत’ अशा जाहिरातींचे पीक येते. अशाच एका जाहिरातीला भुलून गेल्या जूनच्या पहिल्या शनिवारी मी आणि माझा भाचा प्रत्येकी १,४९९ रुपये भरून पुण्याहून निघालो. प्रशिक्षित लीडर, अपघात विमा आणि हवामान बिघडल्यास पूर्ण पैसे परत, अशी तीन आश्वासने तीत होती. तिन्ही खोटी निघाली.

त्या दुपारी हवामान खात्याने घाटमाथ्यावर मेघगर्जनेसह सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा दिला होता. मी फोन केला तेव्हा आयोजक म्हणाला, “सर, तिकडे आकाश निरभ्र आहे, आणि तुम्ही आता रद्द केलेत तर काही परत मिळणार नाही.” पैसे परत करण्याचे कलम केवळ त्यांनी स्वतः सहल रद्द केली तरच लागू होते आणि आकाश कोसळले तरी ते ती रद्द करत नाहीत, ही त्यातली मेख मला तेव्हा उमगली नाही.

रात्री वाटेत दहा मिनिटे काजवे दाखवून बसने आम्हा ४४ जणांना कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात उतरवले. आयोजक आलाच नव्हता. लीडर म्हणून जो विशीतला मुलगा सोबत होता, त्याने चहा पिताना सहज सांगितले, की तोही कळसूबाईवर पहिल्यांदाच येत आहे आणि या रात्रीचे त्याला एक हजार रुपये मिळणार आहेत. मला त्याचा राग आला नाही. तोही एका अर्थाने आमच्यासारखाच फसलेला होता.

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. आणि वरच्या कातळटप्प्यांवर चढायला लोखंडी शिड्या व रेलिंग. उघड्या धारेवर, ओल्या लोखंडाला धरून, विजा कडाडत असताना उभे राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही गावकऱ्याला सांगावे लागत नाही. बारीतल्या एका आजोबांनी “दादा, ढग गडगडतोय, आत्ता शिडीकडं जाऊ नका” असे बजावले होते, तरी लीडरने फोनवर विचारून चढाई सुरू केलीच. पहिल्या शिडीच्या अलीकडे वारा इतका सुटला, की बोलणे ऐकू येईना. वीज आणि गडगडाट यांत चार-पाच सेकंदांचेच अंतर उरले, म्हणजे वीज दीड किलोमीटरच्या आसपास पडत होती. आम्ही अठरा जण लीडरला न जुमानता उतरलो. उतरताना घसरून एका ताईंचा घोटा मुरगळला आणि पहाटेपर्यंत त्याच आजोबांच्या पडवीत आम्ही बसून होतो. सुदैवाने वर गेलेलेही पुढच्या टप्प्यावरून परतले.

ताईंच्या उपचारासाठी विम्याचा क्रमांक मागितला, तो आजतागायत मिळालेला नाही. खरे तर ही गोष्ट मला आधीच कळायला हवी होती: पैसे भरताना आमच्यापैकी कोणाचेही वय किंवा वारसाचे नाव विचारलेले नव्हते. मग विमा कोणाचा उतरवला? शिवाय पैसे संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर गेले होते.

परताव्याबाबत उत्तर आले, की ‘बारीपर्यंत पोहोचवले, सेवा पूर्ण झाली’. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपचा गट नाहीसा झाला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. भरणा पावती, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट गट बंद होण्याआधीच जपून ठेवल्यामुळे ते शक्य झाले.

साहसी पर्यटनाच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे राज्याचे २०२१ चे धोरण सांगते. तो नोंदणी क्रमांक, विम्याची प्रत आणि वादळाचा इशारा असेल तर सहल कोण, किती वाजता रद्द करणार, हे लेखी मागा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवते. ते आता भाच्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही फोनवर आहे. कळसूबाई आम्ही नोव्हेंबरात केली, बारीतलाच वाटाड्या घेऊन.