आरसीसीबी, एमसीबी आणि एसपीडी: घरात आणि सुतारशाळेत, एका पावसाळ्यानंतर

डिचोली तालुक्यात आमचं जुनं चिऱ्यांचं घर आणि त्याला लागून सुतारशाळा. गेल्या उन्हाळ्यात दोन्हीकडे नवे डीबी (सगळ्या लाइनी जिथून वाटल्या जातात ती पेटी) बसवले: प्रत्येक लाइनला एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), दोन्हीकडे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (तेवढा करंट गळला की लाइन तोडणारा) आणि घरात एसपीडी (विजेच्या कडकडाटाने लाइनीत येणारा व्होल्टेजचा झटका अडवणारा). पूर्ण पावसाळा काढल्यावर लिहितोय, कारण गोव्यात या वस्तूंची परीक्षा पावसातच होते.

एमसीबीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंधा मशीन सुरू होताना मोटर काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून तिथे बी नव्हे, असा झटका सोसणारा सी प्रकारचा घ्यावा. अँपिअरचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवायचा, मशीनच्या हौसेवरून नाही. मात्र एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. जीव घ्यायला जेवढा करंट पुरतो, तेवढ्याने तो हलतही नाही.

माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे तो दुसरीकडून जमिनीत जातोय, हे ओळखून तो लाइन तोडतो. जून लागला आणि घरचा आरसीसीबी पडायला (आपोआप बंद व्हायला) लागला, बहुतेक वेळा रात्रीच्या मोठ्या सरीनंतर. वायरमनचं म्हणणं, "पावसात हे असंच होणार, थेट जोडून देतो." मी साफ नाही म्हटलं. ज्या दिवसांत भिंती ओल्या आणि पाय ओले, त्याच दिवसांत तो काढून टाकायचा?

शोधायची रीत अशी: सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. आमच्याकडे यानेही नीट छडा लागेना. पंपाचा एमसीबी खाली असतानाही, घरात दुसरा लोड वाढला की आरसीसीबी पडायचा. कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो ओलीत अर्थला टेकला असेल तर गळती चालूच. शेवटी विहिरीच्या पंपाची फेज आणि न्यूट्रल, दोन्ही टोकं डीबीतून सोडवली तेव्हा आरसीसीबी टिकला. केबलच्या जोडाला नुसती टेप गुंडाळलेली, आत पाणी. त्याच पंपाच्या लोखंडी पाइपला मुलं हात लावत होती.

दुसरा घोळ पडवीतल्या दिव्याचा. तो लावला की घरचा आणि सुतारशाळेचा, दोन्ही आरसीसीबी पडत. फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून घेतलेला निघाला. जुन्या घरांत असे जोड बरेच असतात. नवे डीबी बसवण्याआधीच तपासून घ्या.

अर्थिंगशिवायही आरसीसीबी चालतो, हे खरं. पण मग मशीनच्या सांगाड्यात उतरलेला करंट तुम्ही हात लावेपर्यंत तसाच थांबून राहतो आणि तुमच्या अंगातून जायला लागला की लाइन तुटते. अर्थिंग चांगलं असेल तर आधीच तुटते. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडीठाक होते आणि अर्थिंग कमजोर पडतं, तेव्हा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं. आरसीसीबीवरचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबतो, पण त्याने अर्थिंग तपासलं जात नाही. ते वेगळं मोजून घ्यावं लागतं. आणि सुतारांसाठी खास: कोरड्या फळीवर उभं राहून एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्याच्या भरवशावर चालू लाइन उघडू नका.

एसपीडीवर अजून ठाम मत देता येत नाही. ऑक्टोबरात वीज कडाडत होती, एसपीडीच्या छोट्या खिडकीतली हिरवी खूण हिरवीच आहे, टीव्ही आणि राउटर शाबूत आहेत. पण ते त्याच्यामुळे, असं कसं म्हणू? बसवलात तर त्याच्या वायरी जमेल तितक्या आखूड ठेवायला सांगा. न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं तर त्यावर हा उपाय नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेजचं वेगळं उपकरण येतं. ते मी अजून घेतलेलं नाही, पुढच्या पावसाआधी घेणार.

पुन्हा करायचं झालं तर घरभर एकच आरसीसीबी बसवणार नाही. पंप भिजला की अख्खं घर अंधारात जातं. चतुर्थीच्या आधी फ्रीजची लाइन वेगळ्या आरसीबीओवर (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) घेतली आणि तिचा न्यूट्रलही वेगळा केला, म्हणून माटोळीवरच्या (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या आराशीवरच्या) दिव्यांच्या माळेने घरचा आरसीसीबी पडला तरी फ्रीज चालू राहिला. पंपाचंही आता तसंच करायचंय.