लाल ‘टी’ आणि आजोबांची लेन्स

गेल्या दिवाळीला मिळालेल्या बोनसमधले ४२,००० रुपये मी कॅमेऱ्याच्या एका जुन्या लेन्सला दिले. ती बनावट निघाली. ठाणे-नवी मुंबईत जुन्या लेन्स जमवणारे बरेच जण आहेत, त्यांच्यापैकी कुणी याच माणसाच्या हाती लागू नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

विकणारे गृहस्थ नौपाड्यात भेटले. साठीच्या आसपासचे, बोलायला अगदी मऊ. “आजोबा जर्मनीला शिकायला होते, त्यांनी आणलेली. पोरांना कदर नाही हो, तुमच्यासारख्याकडे गेली की बरं वाटेल.” तपकिरी चामड्याच्या डबीत लेन्स होती. पुढच्या रिंगवर ‘कार्ल त्साइस येना, सोनार, ५० मिमी, एफ २’ असं कोरलेलं, शेजारी लाल ‘टी’ आणि २७ लाखांतला नंबर. त्साइस ही जर्मन कंपनी, येना हे तिचं शहर आणि सोनार हे तिच्या लेन्सचं नाव.

मला नंबर वाचायची सवय होती. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सच्या मागे ‘यू ७०३’ असं काही असलं, की ‘यू’ म्हणजे १९८० आणि ७ म्हणजे जुलै, हे मी झटकन सांगायचो. त्याच भरवशावर हिशेब केला. त्साइस येनाचे २७ लाखांतले नंबर १९४१ च्या सुमाराचे. ‘टी’ म्हणजे त्साइसने १९३५ मध्ये शोधलेलं कोटिंग, काचेवरची चमक कमी करणारा पातळ थर. लायका कॅमेऱ्यावर बसणारी, ३९ मिमी आट्यांची सोनार युद्धकाळात थोडीच बनली, म्हणून दुर्मीळ. सगळं जुळत होतं. पण हे सगळं पुस्तकात आहे, आणि नंबर कोरणाऱ्यानेही ते वाचलेलं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

अॅडाप्टर लावून तलावपाळीवर दहा-बारा फोटो काढले. संध्याकाळचे दिवे पाण्यात विरघळल्यासारखे आले. त्या फोटोंवर भुलून मी तिथेच यूपीआयने पैसे दिले. खातं भलत्याच नावाचं दिसलं, तेव्हा “जावयाचं आहे” म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं.

दोन महिन्यांनी फोकस रिंग जड झाली, म्हणून फोर्टमधल्या एका जुन्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी लेन्स हातात घेतली आणि आधी किंमत विचारली. मग काही न बोलता टॉर्च अगदी तिरपा धरला. नावाच्या रिंगवर घासल्याची चकाकी होती आणि नव्या अक्षरांखाली एक पुसट खूण दिसत होती: उभी काडी आणि तिला जोडलेलं वर्तुळ. रशियन लिपीतलं ‘यू’. ‘युपितेर’चं पहिलं अक्षर, म्हणजे आपण ज्युपिटर म्हणतो ती लेन्स. लाल ‘टी’च्या जागी दाराच्या चौकटीसारखा रशियन ‘प’ असणार, असं ते म्हणाले. या लेन्सवर कोटिंगची खूण म्हणून तोच असतो, तोही लाल.

युद्धानंतर सोव्हिएत लोकांनी येनाहून यंत्रं आणि काच नेली आणि सोनारच्याच रचनेवरून ज्युपिटर-८ काढली. दोन्हींत तीन गटांत सहा भिंगं. म्हणून फोटो सुंदर येणारच, त्यांवरून खरंखोटं ठरत नाही. ज्युपिटर मुळात वाईट लेन्स नाही, दहा हजारांच्या आत मिळते. तिच्या मूळ नंबराचे पहिले दोन आकडे बहुधा वर्ष सांगतात. माझ्या लेन्सवरचे ते आकडे घासून टाकलेत, त्यामुळे तिचं खरं वय मला आता कळायचं नाही. पैशांइतकंच हेही लागलं.

त्या गृहस्थांचा फोन तेव्हापासून बंद आहे.

मागच्या आठवड्यात खारघरच्या एका ओळखीच्या मुलाने विचारलं, “दादा, त्साइसची सोनार मिळतेय, घेऊ का?” फोटोत नंबर वेगळा होता. डबी तीच तपकिरी, आणि आजोबाही जर्मनीतलेच. मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी टॉर्च तिरपा धरून रिंगचा फोटो काढ. रात्री त्याने पाठवला. अक्षरांभोवती तीच घासलेली चकाकी होती.